माजी बहीण

६ जानेवारी

चि. सौ. बेबीस,

आशीर्वाद दिले असं समज आणि पुढचं वाच.

निवृत्तीनंतर वेळ कसा जातो, असं तू विचारलंस. वेळ जात नाही, घालवावा लागतो, आणि माझा घालवायला आता एक कंपनी मिळाली आहे. संगणकावर आपल्या भाषेत लिहिताना शब्द चुकला की त्याच्याखाली लाल रेघ उमटायची, असं काहीतरी ही मंडळी बनवताहेत. कुठला शब्द बरोबर धरायचा आणि कुठला नाही, हे ठरवायला त्यांनी समिती नेमली आणि त्या समितीवर मला घेतलं. भाषेचा कळवळा म्हणून नव्हे. माझ्या तीन जुन्या विद्यार्थिनी तिथे नोकरीला आहेत आणि तिघी अजून 'आशीर्वाद' तीन तऱ्हांनी लिहितात. त्यातली एकही बरोबर नाही.

तिसऱ्या मजल्यावर काचेची खोली आहे. गारठा इतका की मी शाल पांघरून बसते. कागदाच्या कपातून कॉफी म्हणून काहीतरी कोमट देतात. टेबलाभोवती कोण, तर एक माजी कुलगुरू, एक माजी संपादक, एक माजी न्यायाधीश आणि मी माजी मुख्याध्यापिका. कुलगुरू झोपतात. संपादकांना स्वतः बनवलेले शब्द आत घुसवायचे असतात, ते त्यांच्या खेरीज कुणी कधी वापरलेले नाहीत. न्यायाधीशांना शिव्या नको आहेत, पण कुठल्या शिव्या नकोत हे सांगताना त्या ते इतक्या चवीने म्हणतात की खोलीतल्या मुली खाली बघतात. पहिली अख्खी बैठक 'आंघोळ' की 'अंघोळ' यात गेली. न्यायाधीश म्हणाले, मी आंघोळ करतो. संपादक म्हणाले, मी अंघोळ करतो. मी म्हटलं, दोघांनीही जरूर करा, पण यादीत एकच राहील.

कंपनीची एक पोरगी आमच्यावर नेमलेली आहे. पेनाचं टोपण चावत बसते. प्रत्येक शब्दाला विचारते, "मॅडम, हा टाकू?" टाकू म्हणजे आत टाकू की बाहेर टाकू, हे तिचं तिलाच ठाऊक.

प्रत्येक सदस्याला वापरून बघायला एक प्रत दिली आहे. माझ्याकडे संगणक नाही आणि येणारही नाही. तुमच्याकडे आहे, म्हणून प्रत सोबत पाठवते. तुझ्या पाणीपुरवठा खात्याच्या नोटिसा वाचून लोकांना पाणी नको होतं, त्यांना तरी थोडा उपयोग होईल.

आणि फोन करत जाऊ नकोस. फोनवर माणसं वाटेल ते बोलतात आणि नंतर मी तसं म्हटलंच नव्हतं म्हणतात. कागदावर सापडतात.

बारक्याला विचारलंय म्हणून सांग.

ताई

१५ जानेवारी

ती. वन्सं,

आशीर्वाद पोचले. शुद्ध होते.

तुमचं यंत्र लावलं. पहिल्याच नोटिशीखाली माझी सही टाइप केली, तर त्याने माझ्या आडनावाखाली लाल रेघ मारली. आडनाव तुमच्याच घराण्याचं आहे, वन्सं. लग्न झाल्यापासून मी ते लावतेय आणि आता तुमच्या समितीने ते चूक ठरवलं. मला तर पहिल्या वर्षीच शंका आली होती.

बाकी आमच्या नोटिसा वाचून लोकांना पाणी नको होत नाही, तुम्ही काळजी करू नका. पाणी तसंही येत नाही.

आता तुमच्या भावाबद्दल. डावा डोळा तर गेलाच, उजव्यावरही आता पडदा सरकतोय. ऑपरेशन करावं लागेल. वर्तमानपत्र वाचता येत नाही, माझा चेहरा ओळखतात तो आवाजावरून. पण रंग अजून स्पष्ट दिसतात. जन्मभर वायरमनचं काम केलं, अक्षर पुसलं तरी तांबडी वायर ती तांबडीच. त्यामुळे तुमचं यंत्र ह्यांना भलतंच आवडलंय. पडद्याला नाक लावून एका बोटाने काहीतरी दाबत बसतात. लाल रेघ उमटली की खूश होऊन मला हाक मारतात, "बेबी, बघ, ताई आली!" मग शब्द खोडून पुन्हा लिहितात, रेघ जाईपर्यंत.

तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. आमची मुलगी झाली तेव्हा ह्यांनी दवाखान्याच्या बाकावर बसून तुम्हाला पत्र लिहिलं होतं. 'मुलगी झाली. नाक तुज्यासारखी आहे.' तुम्ही ते पत्र लाल शाईने तपासून परत पाठवलंत. 'तुझ्यासारखं. नाक नपुंसकलिंगी.' आणि खाली, दहापैकी चार. हे हसले होते तेव्हा. पण मुलगी आता स्वतःच्या पायावर उभी आहे आणि ह्यांनी तुम्हाला तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही. तुमच्या घरी जे जातं ते सगळं मी लिहिते. मला गुण देऊ नका, मी सरकारी नोकर आहे, मला गुणांची सवय नाही.

बेबी

२७ जानेवारी

चि. सौ. बेबीस,

नाक नपुंसकलिंगीच आहे. तेव्हाही होतं. आणि त्या पत्राला चार गुण म्हणजे मी हात सैल सोडला होता. इतक्या वर्षांनी ते उकरून काढायला तुला बरं सुचतं, नोटीस वेळेवर काढायला सुचत नाही.

परवाच्या बैठकीची हकीकत ऐक. त्या टोपणचावीने बैठकीचा वृत्तान्त भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला. वर लिहिलेलं, 'उपस्थित: माजी कुलगुरू, माजी संपादक, माजी न्यायाधीश, माजी मुख्याध्यापिका.' आणि चारही 'माजी'खाली लाल रेघ. चार रेघा, बेबी, भिंतीएवढ्या! कुलगुरूंना जाग आली. समिती स्थापन झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही डोळे एकदम उघडे दिसले.

मला वाटलं, शब्द घालायचा राहिला असेल. तर नाही. पोरीने तो मुद्दाम बाहेर ठेवलेला. म्हणते, "मॅडम, हा शब्दकोश नाही, चाळणी आहे. शब्द चांगला की वाईट ते आम्ही बघत नाही. तो आत घेतला तर कुठली चूक गुपचूप निसटून जाईल, तेवढंच बघतो." पुढे म्हणते, लोक इंग्रजी अक्षरं दाबून आपली अक्षरं उमटवतात. 'झ'साठी एक कळ जास्त दाबावी लागते, ती राहते, आणि 'माझी'चं 'माजी' होतं. 'माजी' यादीत नसेल तर रेघ येते आणि माणूस सावध होतो. असेल तर कुणालाच पत्ता लागत नाही.

मी म्हटलं, "ज्याला 'माझी' लिहिता येत नाही त्याच्यासाठी मी माझ्या हुद्द्याखाली लाल रेघ घेऊन बसू? त्याला घरी बसव." पोरगी म्हणाली, "तो घरीच बसून लिहितो, मॅडम." उलट बोलते वर. न्यायाधीश म्हणाले, शब्द निर्दोष आहे, दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा त्याला का? संपादक म्हणाले, तो माझ्या रोजच्या वापरातला आहे. ते मात्र खरं, दुसरं काही त्यांच्याकडे उरलेलंच नाही. एकमताने ठराव झाला. पोरीने टोपण चावत 'माजी' आत टाकला आणि वर तोंड करून म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणून." अर्थातच मी म्हणते म्हणून. आणखी कोण म्हणणार, तिचे वडील?

नवी प्रत सोबत पाठवली आहे. जुनी काढून टाक आणि ही लाव.

बारक्याच्या डोळ्याचं नीट सविस्तर लिही, नोटिशीसारखं नको.

ताई

८ फेब्रुवारी

ती. वन्सं,

नवी प्रत लावली. 'माजी' टाइप करून बघितलं. रेघ आली नाही. अभिनंदन. चार मोठी माणसं एका खोलीत बसून एकमताने काही ठरवू शकतात ते फक्त स्वतःबद्दल. 'माजी'मध्ये 'माज' उगाच नाही.

ऑपरेशन वीस तारखेला आहे. हा शेवटचा डोळा, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी स्वतः समजावून सांगितलं. होईल म्हणाले, पण खात्री मागू नका म्हणाले. पट्टी बरेच दिवस राहणार. सुटल्यावर दिसेल किंवा दिसणार नाही.

तुमच्यासाठी एक बातमी आहे. तुमचा भाऊ तुम्हाला पत्र लिहितोय. स्वतः. चार दिवस झाले. मला खोलीत येऊ देत नाहीत. मी म्हटलं, सांगा, मी टाइप करते, तर म्हणाले, "ताईच्या आणि माझ्या मध्ये तू नको. इतकी वर्षं तूच होतीस." बाहेर मला नुसतं टक टक ऐकू येतं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. काल रात्री जेवायच्या आधी हाक मारली. "दारातूनच बघ, वाचू नकोस. पानावर कुठे लाल आहे का?" मी दारातून बघितलं. नव्हतं. इतके खूश झाले की काय सांगू. म्हणाले, "आता ताईला काही काढताच येणार नाही."

पाकीट त्यांनीच चिकटवलं. मी फक्त पेटीत टाकते आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही, आणि तुम्ही मला सांगूही नका.

बेबी

८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे, तुझ्या यंत्रावर. लाल रेघ आली की थांबतो. आता एकही नाही. तेव्हा तुला लाल पेन काढावं लागणार नाही.

डाव्या डोळ्याचं तुला ठाऊक आहे. आता उजव्याचं ऑपरेशन आहे, वीस तारखेला. पुढे काय होईल सांगता येत नाही. म्हणून मनात होतं ते एकदा स्पष्ट लिहून टाकतो.

तू माजी बहीण आहेस. हे मी तोंडाने कधी बोललो नाही, पण लहानपणापासून मनात आहे. लोक तुझं नाव काढतात तेव्हा मी सांगतो, ती मुख्याध्यापिका ना, ती माजी बहीण. सगळ्यांना सांगतो. दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा सांगून ठेवलं आहे, की माजी बहीण आली तर तिला लगेच ओळखा, ती आल्या आल्या चुका काढेल. तुझी जागा माझ्या घरात कुठे आहे ते मला माहीत आहे, तुलाही माहीत असेल.

माझा स्वभाव बोलायचा नाही. पण आता राहवत नाही.

पट्टी बांधायच्या आधी एकदा ये. तुला बघून घेतो.

तुझा
बारक्या

१४ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस,

तुझ्या नवऱ्याचं पत्र पोचलं. ते याच पाकिटात परत पाठवते आहे. मला ते घरात नको.

'माजी' या शब्दाभोवती मी लाल गोल केले आहेत. चूक म्हणून नव्हे. तुला शोधावं लागू नये म्हणून.

तू म्हणशील, टाइप करताना चुकलं असेल. त्या टोपणचावीची गोष्ट मलाही आठवली, मी इतकी काही निर्बुद्ध नाही. म्हणून मी पत्र पुन्हा वाचलं, मुलांचे पेपर तपासायचे तसं. 'माझ्या घरात' बरोबर आहे. 'माझा स्वभाव' बरोबर आहे. 'तुझी जागा', 'तुझा बारक्या', सगळीकडे 'झ' जिथल्या तिथे. चुकणारा माणूस सगळीकडे चुकतो. हा मात्र एकाच शब्दात चुकतो, दरवेळी तिथेच चुकतो, आणि तो शब्द दरवेळी बहिणीच्याच मागे येतो. याला चूक म्हणत नाहीत. मी जन्मभर मुलांच्या लबाड्या पकडल्या आहेत, ही पकडायला मला यंत्र लागत नाही.

तर मी माजी बहीण. लहानपणापासून मनात होतं म्हणे. नर्सलासुद्धा सांगून ठेवलं. 'तुझी जागा कुठे आहे ते मला माहीत आहे.' आणि शेवटी धमकी, 'तुला बघून घेतो.' आई गेल्यावर ज्याला मी केस विंचरून शाळेत पाठवलं, तो मला बघून घेणार!

मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. फार वाईट वाटलं. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तसंही माझ्या घरात बोलायला कुणी नाही, पण बोलावंसंही वाटलं नाही.

वीस तारखेला मी येणार नाही. डोळा बरा होवो. हे मनापासून लिहिते. त्याने मला काढून टाकलं म्हणून मी त्याचं वाईट चिंतणार नाही. त्याला हे पत्र वाचून दाखव.

ताई

२४ फेब्रुवारी

ती. वन्सं,

तुमचं पत्र एकोणीस तारखेला आलं. मी त्यांना वाचून दाखवलं नाही. टपालाला उशीर होतोय असं सांगितलं. ह्यांचा माझ्यावर विश्वास आहे, मी खोटं बोलू शकते यावर नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर ठीक म्हणतात. वीस तारखेला सकाळी ह्यांना आत नेण्याआधी आम्ही वॉर्डात बसलो होतो. दार उघडलं की हे मान वळवायचे. बाई आत आली की मला विचारायचे, "ताई का?" एकदा सफाईवाली होती. एकदा कुणाची तरी सासू. शेवटी ढकलगाडीवर झोपवलं तरी मान दाराकडेच. नर्स म्हणाली, आजोबा, सरळ बघा. म्हणाले, "सरळच बघतोय."

तुमच्या पत्रावर मी आधी रडले, मग चिडले, मग मला वाटलं, ह्यांच्या मनात खरंच असं काही असेल का? आता बघा, तुम्ही मलासुद्धा तिथे नेऊन ठेवलंत! म्हणून काल घरी गेले, यंत्र सुरू केलं, डोळे मिटले आणि ह्यांच्यासारखं एका बोटाने लिहून बघितलं. ती जास्तीची कळ न दाबता.

'तुजी' लिहिलं. लाल रेघ. 'माज्या' लिहिलं. लाल रेघ. 'माजा' लिहिलं. लाल रेघ. 'माजी' लिहिलं.

काही नाही. स्वच्छ.

कळलं का, मुख्याध्यापिकाबाई? ते सगळीकडेच चुकले होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक 'झ' चुकला होता. बाकीच्या सगळ्या चुका यंत्राने धरून दिल्या आणि ह्यांनी त्या एका बोटाने दुरुस्त केल्या. एकच सोडली, कारण तुम्ही ती सोडायला लावली होती. तुमच्या पाटीखाली रेघ नको होती ना? मग भोगा. चार दिवस राबून, आंधळा व्हायला निघालेल्या माणसाने तुम्हाला लिहिलं, तू माझी बहीण आहेस. तुमच्या ठरावाने त्याचं काय केलं ते तुमच्या हातात होतं, तुम्ही त्यावर गोल काढलेत.

आणि 'बघून घेतो'! इतकी वर्षं व्याकरण शिकवलंत. वाक्याचा अर्थ बोलणाऱ्यावरून लावायचा, हे तुमच्याच तोंडून मी शंभरदा ऐकलंय. ज्याचं दिसणं जाणार आहे तो माणूस, एकदा ये, तुला बघून घेतो, असं म्हणतो. त्याला काय म्हणायचं असेल? सांगा. पाचवीतलं पोर सांगेल.

पट्टी मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुटेल. रोज विचारतात, ताईचं पत्र आलं का. आज म्हणाले, "काहीतरी चुकलं असेल गं माझं. रेघ तर नव्हती."

मला तुमची कीव करायची होती, पण अजून राग संपलेला नाही. संपला की करीन.

बेबी

१ मार्च

बेबी,

तुझं पत्र वाचलं. त्यात तुझ्या खात्याच्या नोटिशीपेक्षा जास्त चुका आहेत आणि एकही काढावीशी वाटली नाही. लिही पुढे असंच.

मी तडक कंपनीत गेले. बैठक नव्हती, तरी गेले. त्या पोरीला म्हटलं, 'माजी'च्या पुढे बहीण, आई, मुलगी असं काही आलं तर रेघ येऊ दे. ती म्हणाली, "मॅडम, यंत्राला पुढचं-मागचं कळत नाही. शब्द एक तर आत, नाही तर बाहेर." मी म्हटलं, मग बाहेर काढ. म्हणाली, ठराव आहे, समितीच काढू शकते. माझाच ठराव माझ्या तोंडावर. नियम बरोबर सांगितला, आणि मला ते आवडलं नाही.

समिती बोलावली. मी उभी राहून सांगितलं, माझ्या चुकीच्या आग्रहाने शब्द आत आला, तो बाहेर काढा. का, ते सांगितलं नाही. बारक्याचं पत्र त्या लोकांच्या टेबलावर ठेवायची माझी तयारी नव्हती. न्यायाधीश म्हणाले, नवा पुरावा काय? संपादक म्हणाले, बाईंचं वय झालं. ते स्वतः काठी विसरून घरी जातात. कुलगुरूंनी झोपेतच हात वर केला, माझ्या विरुद्ध. शब्द आतच राहिला. या तिघांना लाल रेघेची इतकी भीती आहे की माणसांच्या घरात काय व्हायचं ते होऊ दे, पाटी स्वच्छ पाहिजे. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला त्यांचा वीट आला. मग लक्षात आलं, महिन्यापूर्वी त्या खुर्चीत चौथी मी होते.

राजीनामा लिहून दिला. आता मी समितीचीसुद्धा माजी.

पोरगी लिफ्टपर्यंत आली. म्हणाली, "शब्द निघाला असता तर तुमच्या नावाखाली रेघ आली असती, मॅडम." मी म्हटलं, येऊ दे. सवय नाही, करून घेईन. आणि ते टोपण फेकून दे, दात जातील. ती हसली. बरी आहे मुलगी.

मला तिकडे यायला तोंड नाही. हे मी तुला लिहिते आहे, त्याला सांगू नकोस.

सोबतची चिठ्ठी बारक्याला दे. पट्टी सुटल्यावर, त्याच्या हातात. वाचून दाखवू नकोस. ती ऐकण्यासारखी नाही, बघण्यासारखी आहे. दिसलं तर बघेल. नाही दिसलं तर चुलीत घाल.

ताई

(सोबतची चिठ्ठी, सुवाच्य हस्ताक्षरात)

बारक्या,

तू माजा भाऊ आहेस. माजा एकुलता एक भाऊ. माज्या घराण्यात तुज्यासारखी नाक दुसऱ्या कुणाची नाही.

तुजी
माजी ताई

७ मार्च

ती. वन्सं,

काल पट्टी सुटली. आधी नुसता उजेड, मग खिडकीची चौकट, मग मी. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "जाड झालीस." तेव्हा डॉक्टरांनी यशस्वी म्हणून लिहिलं.

तुमची चिठ्ठी हातात दिली. नाकाला लावून वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मी विचारलं, काय लिहिलंय? डोळ्यांतून पाणी काढायला डॉक्टरांची मनाई आहे, ती मोडली. मग नर्सकडे लाल पेन मागितलं आणि मला म्हणाले, "तू बाहेर जा. ताईच्या आणि माझ्या मध्ये नको."

चिठ्ठी परत पाठवते आहे. यावेळी मी वाचली.

बेबी

(त्याच चिठ्ठीवर, लाल शाईत, मोठ्या वाकड्या अक्षरांत)

माझा. माझा. माझ्या. तुझ्यासारखं, नाक नपुंसकलिंगी. तुझी.

शेवटच्या 'माजी'ला यंत्र रेघ मारत नाही. मी मारली आहे. माझी.

दहापैकी चार.

चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आण. टपालाने नको. स्वतः घेऊन ये.